हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत. लिक्विड क्लोरोफिल चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हिमोग्लोबिन ९.८ आलंय, थकवा जात नाही, चेहऱ्यावर मुरुम आहेत आणि त्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू आहे. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं. मैत्रीण म्हणते, रोज ग्लासभर पाण्यात दोन चमचे लिक्विड क्लोरोफिल घे, क्लोरोफिल आणि हिमोग्लोबिन यांची रचना सारखीच असल्यामुळे रक्त वाढतं आणि त्वचाही सुधारते. बाटली घरी आली आहे. लोहाच्या गोळ्या बंद करून तीच घेतली तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

लोहाऐवजी नको. एवढं आधी सांगते, म्हणजे खालचं सगळं वाचेपर्यंत गोळ्या बंद राहायला नकोत. मी आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात काम करते. रक्तक्षयाचे (अॅनिमियाचे) रुग्ण रोज येतात, आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर शौचाची पिशवी लावलेलेही येतात. हे हिरवं द्रावण दोन्हीकडे वेगवेगळ्या कारणांनी समोर येतं. एकीकडे त्याचा उपयोग नाही, दुसरीकडे थोडाफार असू शकतो. त्यामुळे ‘हे चांगलं की वाईट’ असं सरसकट विचारून हाती काही लागत नाही. कशासाठी घ्यायचं आणि काय बंद करून घ्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. हिमोग्लोबिनमधलं हीम आणि पानातलं क्लोरोफिल या दोन्हींचा गाभा एकाच घराण्यातला आहे: चार नायट्रोजनयुक्त कड्या जोडून झालेलं एक मोठं कडं आणि त्याच्या मधोमध धातूचा एक अणू. हान्स फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९३० साली नोबेल मिळालं ते याच दोन रंगद्रव्यांच्या रचनेवरच्या कामासाठी. म्हणजे साम्य कुणी रचून सांगितलेलं नाही. पण हीमच्या मधोमध लोह असतं, क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियम. शिवाय आपलं शरीर हीमसाठी तयार कडं बाहेरून मागवत नाही. ग्लायसिन नावाचं साधं अमिनो आम्ल आणि पेशीच्या रोजच्या चयापचयात तयार होणारा सक्सिनिल-कोए, यांपासून अस्थिमज्जेतल्या पेशी ते स्वतः घडवतात. पालेभाज्यांचा वाराही न लागलेला माणूस कडं बनवण्यात कमी पडत नाही. बहुतेक रक्तक्षयांत कमी पडतं ते मधे बसवायचं लोह, आणि ते या बाटलीत नसतं. काही उत्पादनांत लोह वेगळं मिसळलेलं असतं, पण मग काम करतं ते लोह, आणि त्याची मात्रा किती हे लेबलवर पाहावं लागतं.

रक्तात ऑक्सिजन वाढतो, हा दावाही याच्याच जोडीने ऐकू येतो. क्लोरोफिल ऑक्सिजन तयार करायला मदत करतं ते जिवंत पानाच्या पेशीत, प्रकाश पडल्यावर, इतर डझनभर प्रथिनांच्या साथीने. आतड्यात ना तो प्रकाश असतो ना ती यंत्रणा.

आता बाटलीचं लेबल वाचा. समोर मोठ्या अक्षरात ‘क्लोरोफिल’ असेल, पण मागे घटकांच्या यादीत बहुधा ‘सोडियम कॉपर क्लोरोफिलिन’ लिहिलेलं सापडेल. पानातलं क्लोरोफिल तेलात विरघळतं, पाण्यात नाही, आणि ते फार नाजूक असतं. पालक जास्त वेळ शिजवला की गर्द हिरवा रंग जाऊन भाजी शेवाळी तपकिरी दिसू लागते ना, तेव्हा पानातल्याच आम्लांनी क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम बाहेर काढलेलं असतं. असा पदार्थ बाटलीत महिनोन्महिने हिरवागार राहणं अवघड. म्हणून कारखान्यात लसूणघास, म्हणजे अल्फाल्फा, किंवा तुतीची पानं अशा कच्च्या मालातून क्लोरोफिल काढतात, अल्कलीच्या प्रक्रियेने त्याची तेलात विरघळणारी लांब शेपटी तोडतात आणि मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसवतात. तांबं घट्ट बसतं, रंग टिकतो आणि पाण्यात विरघळणारं मीठ मिळतं. खाद्यरंगांच्या यादीत हाच पदार्थ ई१४१ या क्रमांकाने येतो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी कधीकधी हे समोर करून दाखवते. पाण्यात चार थेंब टाकले की निळसर हिरवा रंग धुरासारखा खाली उतरत पसरतो आणि पाणी नितळ हिरवं होतं. मग त्यात लिंबू पिळायचं. साधं क्लोरोफिलिन असेल तर पाणी गढूळ होतं, बारीक हिरवे कण दिसू लागतात आणि थोड्या वेळाने ते तळाशी बसतात. आम्लात हा पदार्थ विरघळलेला राहत नाही, आणि जठरात आम्लच असतं. (आम्लातही टिकणारे प्रकार मिळतात, त्यामुळे प्रत्येक बाटली असंच वागेल असं नाही.) यावरून तो शरीरात शिरतच नाही असा निष्कर्ष मात्र काढू नका. घेणाऱ्यांच्या रक्तात त्याचे अंश सापडले आहेत. पण ‘प्यायलं की थेट रक्तात’ हे जे चित्र मनात असतं, ते ग्लासातच मोडतं.

तांब्याबद्दल थोडं. अन्नात वापरायच्या दर्जाच्या क्लोरोफिलिनमध्ये सुमारे ४ ते ६ टक्के तांबं असतं. म्हणजे १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिनमागे ४ ते ६ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची तांब्याची रोजची गरज ०.९ मिलिग्रॅमच्या आसपास आणि वरची सुरक्षित मर्यादा १० मिलिग्रॅम मानतात. यातलं बहुतेक तांबं कड्यात घट्ट बांधलेलं असतं, मोकळं फार थोडं, त्यामुळे निरोगी माणसाने लगेच घाबरावं असं काही नाही. पण ज्यांना विल्सनचा आजार आहे, म्हणजे शरीरात तांबं साठत जातं, त्यांनी हे टाळायचं. आणि दोन चमच्यांनी बरं वाटलं म्हणून सहा चमचे, हे कुणीच करायचं नाही.

मग याला कशाचाच आधार नाही का? आहे, पण तो भलत्याच ठिकाणी आहे.

सगळ्यात जुना उपयोग दुर्गंधीसाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोरोफिलिनला शरीरातून येणारी दुर्गंधी कमी करण्यासाठी विनाचिठ्ठी घेता येणारं औषध म्हणून मान्यता दिली आहे: पोटावर पिशवी असलेले किंवा शौच-लघवीवर ताबा नसलेले रुग्ण, आणि मात्रा दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम, गरज पडली तर ३०० पर्यंत. त्यातही पुरावा एकमुखी नाही. वृद्धाश्रमातल्या रुग्णांवरचं जुनं निरीक्षण अनुकूल होतं, तर पिशवी असलेल्या रुग्णांत खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीशी केलेल्या तुलनेत फरक दिसला नाही. माझ्या अनुभवात काहींना फायदा जाणवतो, काहींना अजिबात नाही. मी आधी पिशवीची बैठक, गळती, वास शोषणारा फिल्टर आणि खाण्यातले वासाचे पदार्थ बघते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. तरीही कुणाला घ्यायचं असेल तर दोन-तीन आठवडे घेऊन बघा आणि फरक नसेल तर सोडून द्या, असं सांगते. ज्यांच्या घामाला आणि श्वासाला माशासारखा वास येतो त्या ट्रायमिथायलअमिन्युरिया या दुर्मीळ विकारात जपानमध्ये रोज १८० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन तीन आठवडे दिल्यावर लघवीतलं मोकळं ट्रायमिथायलअमाइन घटलं, असं एक छोटं संशोधन २००४ साली आलं. तुमचा प्रश्न यातला नाही, पण ‘क्लोरोफिल घामाचा वास घालवतं’ हा सर्वसाधारण दावा अशा मोजक्या कामांवरून फुगत गेला आहे.

दुसरं काम मला खरोखर महत्त्वाचं वाटतं. चीनमधल्या चिदोंग भागात यकृताचा कर्करोग फार आढळत असे आणि त्यामागे बुरशी लागलेल्या धान्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष हे एक कारण होतं. तिथल्या १८० निरोगी प्रौढांपैकी निम्म्यांना चार महिने रोज तीन वेळा जेवणाआधी १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन दिलं, उरलेल्यांना खोटी गोळी. क्लोरोफिलिन घेणाऱ्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनमुळे डीएनएला झालेल्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी कमी आढळली. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. क्लोरोफिलिन आतड्यात त्या विषाला चिकटतं आणि ते रक्तात जाऊ देत नाही, असं त्यामागचं कारण मानलं जातं. यातून ‘क्लोरोफिलने कर्करोग टळतो’ असं वाक्य काढणारे पुष्कळ आहेत. संशोधकांनी मोजली ती एक खूण, कर्करोगाचं प्रमाण नव्हे. आणि ही माणसं अफ्लाटॉक्सिनच्या सततच्या सान्निध्यात राहणारी होती. ‘डिटॉक्स’ या शब्दाखाली जे विकलं जातं त्याला या कामाचा दाखला देणं मला अन्यायाचं वाटतं, कारण ते काम एका ठरावीक विषाबद्दल, ठरावीक मात्रेत, नीट आखून केलेलं होतं.

तुमच्या मुरुमांकडे येऊ. मुरुमांवर जे थोडं संशोधन आहे ते क्लोरोफिलिनचा जेल चेहऱ्यावर लावण्याचं, किंवा ते लावून वर प्रकाश देण्याचं, आणि तेही मोजक्या लोकांवर. पिण्याने मुरुम जातात याला म्हणण्यासारखा आधार नाही. उलट तुमच्या बाबतीत एक काळजी आहे. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हाला हळवी होते, तास-दोन तासांच्या उन्हानेही लालबुंद होऊ शकते. क्लोरोफिलपासून तयार होणारे काही पदार्थ प्रकाश शोषून त्वचेला त्रास देतात हेही ठाऊक आहे. १९७० च्या दशकात जपानमध्ये क्लोरेला या शैवालाच्या गोळ्या खाणाऱ्यांना उन्हात गेल्यावर त्वचेची दाहक प्रतिक्रिया आली होती, आणि दोष त्यातल्या फिओफॉर्बाइड या क्लोरोफिलच्या विघटनातून बनलेल्या पदार्थाचा निघाला. लिक्विड क्लोरोफिलने प्रत्येकाला असं होतं असं मी म्हणत नाही. पण एक प्रकाश-हळवं करणारं औषध चालू असताना दुसरं तसंच काहीतरी विनाकारण जोडू नये.

‘पण घेतल्यावर बरं वाटतं’ हे मला वारंवार ऐकायला मिळतं आणि मी ते खोटं मानत नाही. रोज मोठा ग्लासभर पाणी जास्त जातं, बद्धकोष्ठ थोडा कमी होतो, त्याच सुमारास माणूस जेवणाकडे आणि झोपेकडे लक्ष द्यायला लागलेला असतो. त्या बरं वाटण्याचं श्रेय बाटलीला दिलं तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा त्या बरं वाटण्यावर विसंबून ९.८ चा शोध थांबतो.

आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म मला तिथेच दिसतं. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, आणि ९.८ हे सहज सोडून द्यावं असं नाही. ते का खाली गेलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित कुणी तपासलंही नसेल. पूर्ण रक्ततपासणीच्या कागदावर एमसीव्ही हा आकडा बघा. तो कमी असेल तर लाल पेशी लहान आहेत, म्हणजे लोहाची कमतरता किंवा थॅलसेमियाचं वाहकत्व. जास्त असेल तर बी-१२ किंवा फोलेटची शंका. सोबत फेरिटिन करून घ्या, तो लोहाच्या साठ्याचा अंदाज देतो. १५ च्या खाली असेल तर साठा संपला आहे हे जवळजवळ नक्की. अंगात ताप-सूज असेल तर तो खोटा वाढलेला दिसतो, म्हणून १५ च्या थोडा वर आला तरी डॉक्टरांना दाखवाच. मग लोह जातंय कुठे? पाळीत गाठी पडणं, दोन-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, आठवड्याच्या पुढे रक्तस्राव, मूळव्याध, आम्लपित्ताच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं, सीलिअॅकसारखा शोषणाचा विकार. थॅलसेमियाचा वाहक असलेल्या व्यक्तीला साठा भरलेला असताना लोह देत राहणं बरोबर नाही, आणि पोटात रक्तस्राव होत असेल तर कितीही लोह दिलं तरी पुरणार नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, पण कारण न शोधता नुसत्या अंदाजाने त्या घेत राहणंही बरोबर नाही.

इथे क्लोरोफिलची एक वेगळी अडचण येते, जी लेबलवर सहसा लिहिलेली नसते. याने शौच हिरवं, कधी गर्द हिरवं-काळपट होतं. लोहाच्या गोळीने काळं होतं. पोटातल्या रक्तस्रावानेही शौच काळं होतं, डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं. तिन्ही एकत्र आले की रुग्णाला काय आणि डॉक्टरांना काय, रंगावरून काहीच कळेनासं होतं. शिवाय शौचातलं न दिसणारं रक्त शोधण्याची जी ग्वायॅक कार्डाची तपासणी असते, ती क्लोरोफिलिनमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. ज्याच्या रक्तक्षयाचं कारण शोधायचं आहे त्याने नेमकं हेच गोंधळात टाकणं शहाणपणाचं नाही. आधीच घेतलं असेल तर तपासणीआधी तसं सांगा.

लोहाने पोट बिघडतं ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यावर मार्ग आहेत. फेरिटिन कमी आलं तर डॉक्टरांशी पुढचं बोला. एक, रोज दोन-तीनदा गोळी घेण्याऐवजी दिवसाआड एकदा. लोहाची मोठी मात्रा घेतली की हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाचं शोषण दाबून ठेवतं. दिवसाआड घेतल्यावर प्रत्येक गोळीतून जास्त टक्के लोह शोषलं जातं आणि बऱ्याच जणांच्या पोटालाही ते सोसतं. दोन, गोळीतला लोहाचा क्षार, म्हणजे लोहाचा प्रकार, बदलून बघणं किंवा गोळीतलं लोह कमी करणं. पोटाचा त्रास गोळीत मूळ लोह (लेबलवर ‘एलिमेंटल आयर्न’) किती मिलिग्रॅम आहे यावर बराच ठरतो. तीन, उपाशीपोटी अजिबात सोसत नसेल तर थोड्या खाण्याबरोबर घ्या. शोषण काहीसं घटेल, पण टाकून दिलेल्या गोळीपेक्षा ते बरंच. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि लोहात दोन तासांचं अंतर ठेवा. आंबट फळ सोबत चालेल.

आणि डॉक्सिसायक्लिन! हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर आज विचारा. लोह आणि डॉक्सिसायक्लिन पोटात एकमेकांना धरून ठेवतात, दोन्हींचं शोषण घटतं. दोन्ही एकाच वेळी गिळत असाल तर मुरुमही कमी होणार नाहीत आणि हिमोग्लोबिनही हलणार नाही. या दोन औषधांत काही तासांचं अंतर लागतं, आणि डॉक्सिसायक्लिनचा कोर्स छोटा असेल तर आधी तो संपवून मग लोह, असाही निर्णय होऊ शकतो. मात्र तो डॉक्टरांचा.

योग्य गोळी नीट लागू पडली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ते २ ने वर यायला हवं. नाही आलं तर गोळी पोचत नाही, रक्त अजून जातंय किंवा निदान चुकतंय. आकडा १२ च्या वर गेल्यावरही साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने पुढे घ्यावी लागते, आणि बहुतेक लोक नेमकं तिथेच थांबतात. तोंडाने काहीच सोसलं नाही तर शिरेतून लोह देता येतं.

पालेभाज्यांनी भागेल का, हाही प्रश्न पाठोपाठ येतोच. कच्च्या चिरलेल्या पालकाच्या एका कपात सुमारे २४ मिलिग्रॅम क्लोरोफिल असतं, शिवाय फोलेट, के जीवनसत्त्व, चोथा. बाटलीपेक्षा पान केव्हाही उजवं. पण पानातलं लोह फार थोडं शोषलं जातं आणि ९.८ वरून वर यायला एकटी पालेभाजी पुरत नाही. ती औषधासोबत हवी. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजी असो, गव्हांकुराची पूड असो की क्लोरेला, प्रमाण अचानक वाढवायचं नाही. त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करतं.

इतर कुणी वाचत असेल तर: गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना लिक्विड क्लोरोफिल सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती नाही, तेव्हा नको. लहान मुलांना नको. पॉर्फिरिया, म्हणजे हीम तयार होण्यातला बिघाड, असलेल्यांना नको. यांपैकी काही नसेल, रक्तक्षय नसेल आणि तरीही वासासाठी घेऊन बघायचं असेल, तर चमचे मोजू नका, एका मात्रेत किती मिलिग्रॅम क्लोरोफिलिन आहे ते लेबलवर शोधा. तो आकडाच दिलेला नसेल तर ती बाटली घेऊ नका. दिवसाला १०० मिलिग्रॅमने सुरुवात करा, ३०० च्या वर जाऊ नका. जीभ हिरवट-काळी दिसली तर घाबरू नका. पोटात मुरडा, जुलाब किंवा उन्हात गेल्यावर पुरळ आलं तर थांबवा.

तुमची बाटली तूर्त बंदच ठेवा. या आठवड्यात फेरिटिन आणि एमसीव्ही बघून घ्या, डॉक्सिसायक्लिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लोहाची गोळी दाखवा आणि पाळीचा रक्तस्राव किती दिवस, किती पॅड हे कागदावर लिहून न्या. चार पायऱ्या चढताना धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, चक्कर येऊन पडल्यासारखं झालं असेल किंवा शौच डांबरासारखं झालं असेल तर आठवड्याची वाट बघू नका, आजच दाखवा. फेरिटिनचा आकडा आणि सध्याच्या गोळीवर लिहिलेलं मूळ लोहाचं प्रमाण कळवलंत, तर तुमच्या पोटाला सोसेल असं खाण्याचं आणि गोळीचं वेळापत्रक मी मांडून देईन.